गल्ल्यावरची बेबीताई

(एका स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)

तालुक्याच्या गावच्या वर्तमानपत्रात निधनवार्तेचा एक साचा ठरून गेलेला असतो. बाई गेल्या की त्या कष्टाळू, धार्मिक आणि मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. त्यांच्या पश्चात मुलगे, सुना, मुली, जावई, नातवंडे, पतवंडे असा मोठा परिवार आहे. अमक्यांच्या त्या मातोश्री होत. रक्षाविसर्जनाची वेळ शेवटच्या ओळीत. वर्षश्राद्धाला मुलं एकत्र येतात, आईच्या नावाने शाळेला पंखा देतात, वाचनालयाला कपाट देतात, आणि ऐपत जरा बरी असेल तर एक स्मृतिव्याख्यान ठेवतात. पाहुणा वक्ता येतो. त्याने बाईंना कधी पाहिलेलं नसतं. तरी तो दहा मिनिटं आईच्या वात्सल्यावर बोलतो आणि मग आपल्या ठरलेल्या विषयाकडे वळतो.

आजचं व्याख्यान त्या दहा मिनिटांतच मुक्काम करणार आहे.

घरातली थोरली बाई म्हणजे काय प्रकरण असतं? तिच्या शब्दाला मान असतो, लग्नं तिच्या होकाराने ठरतात, कोणाच्या ताटात काय आणि किती पडायचं ते ती ठरवते. हा अधिकार तिला मिळतो कुठून? तो चालतो कोणाच्या जिवावर? म्हातारी होईपर्यंत तिने काय काय गिळलेलं असतं, आणि मग ती कोणाला काय गिळायला लावते? साच्यातल्या निधनवार्तेत हे प्रश्न मावत नाहीत. फलटणमधल्या एका दुकानदार बाईने मात्र ते वहीत उतरवून ठेवले. त्यांचं नाव बेबी कांबळे. गावात आणि आंबेडकरी चळवळीत बेबीताई. जन्म १९२९ सालचा, मृत्यू २१ एप्रिल २०१२ रोजी फलटणलाच. शिक्षण चौथीपर्यंत, लग्न तेराव्या वर्षी, दहा मुलं. शिवाय एक दुकान, एक निवासी शाळा आणि ‘जिणं आमुचं’ हे एक पुस्तक. ऐंशी वर्षांहून लांबलेल्या या आयुष्याची उठबस जवळजवळ सगळी एका छोट्या गावात आणि एका वस्तीत झाली.

फलटण हे निंबाळकरांचं संस्थान. शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई याच घराण्यातल्या. रामाचं मोठं देऊळ, जैन मंदिरं, महानुभावांची श्रद्धास्थानं आणि आषाढात ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम, अशी गावाची ओळख सांगितली जाते. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. बेबीताई तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती.

बालपण मात्र पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचं, आजोळचं. महारवाड्याच्या मानाने हे घर बरं होतं, कारण आजोबा आणि त्यांचे भाऊ गोऱ्या साहेबांकडे बटलर होते आणि घरी पैसा येत होता. वडील बांधकामाची कंत्राटं घेत आणि हाती आलेला पैसा गरजवंतांवर मोकळ्या हाताने खर्चून टाकत. लोकांसाठी ते उदार, आणि बायकोला मात्र त्यांनी उंबऱ्याआड ठेवलेलं. बाई घराबाहेर दिसत नाही ही त्या काळी इभ्रतीची खूण होती. वरच्या जातींकडून उसनी घेतलेली ही इभ्रत बेबीताईंच्या आईला भोगावी लागली. घरात कोंडलेल्या त्या बाईचा स्वभाव कसा कडवट होत गेला, हे लेकीने पुढे लिहिलं आहे. आईविषयी इतकं कोरडं, इतकं नेमकं लिहिणं मराठीत फार थोड्यांना जमलं आहे. आई म्हटलं की आपल्या लेखकांचा आवाज लगेच ओला होतो.

‘जिणं आमुचं’ची खरी ताकद सासूच्या चित्रात आहे. दलित आत्मकथनांवर लिहिणारे समीक्षक गावकुसाबाहेरच्या अन्यायावर भरपूर लिहितात आणि या पानांवरून जरा घाईने पुढे सरकतात. इथे घाई करून चालणार नाही.

सून आठ-नऊ वर्षांची. पहाटे तीनच्या सुमाराला तिला उठवायचं आणि जात्यावर बसवायचं. मग पाणी भरणं, मग भाकऱ्या. परातीत पिठाचा ढीग आणि थापायला एवढेसे हात. भाकरी वाकडी झाली, कडेला चिरली, तव्यावर मोडली की सासू शेजारणींना हाका मारी. त्या जमत, भाकरी हातात धरून सगळ्यांना दाखवली जाई, पोरीचा आणि तिच्या आईचा उद्धार होई. बायांना तेवढीच करमणूक. त्या शेजारणींपैकी प्रत्येकीची भाकरी कधी ना कधी अशीच कोणाच्या तरी हातात मिरवलेली होती. पण आपली पाळी आठवून कोणी मध्ये पडत नसे.

पोर सहन होईनासं झाल्यावर माहेरी पळून जाई. तिथे तिचा बाप किंवा भाऊच तिला परत आणून सोडी, कारण परत आलेली लेक म्हणजे घराला बट्टा. मग तिच्या पायात खोडा घालत. लाकडाचा जड ठोकळा पायात अडकवलेला, आणि तो ओढतच कामं उरकायची. पाय घासून रक्ताळायचे. सुनेवर संशय घेऊन नाक कापल्याचेही प्रसंग पुस्तकात आहेत, आणि त्यात मुलाचे कान भरणारी पुष्कळदा त्याची आईच असते.

हे सगळं वाचताना डोळ्यांपुढे पिकल्या केसांची म्हातारी येते. हिशेब केला तर चित्र बदलतं. मुलीचं लग्न आठव्या-नवव्या वर्षी, पहिलं बाळंतपण तेरा-चौदाच्या आसपास. मुलाचंही लग्न लहानपणीच. म्हणजे कित्येकींना सासूपण तिशी गाठतानाच मिळत होतं. ज्या वयात आज मुली नोकरीत कायम होण्याची वाट पाहतात त्या वयात तिच्याकडे एका घराची सत्ता येई, आणि ती मरेपर्यंत टिके. वीस-पंचवीस वर्षांच्या अपमानानंतर तिच्या वाट्याला हे एकच पद आलेलं असे.

बेबीताईंनी याची कारणमीमांसाही दिली आहे, आणि ती एखाद्या समाजशास्त्रज्ञाने हेवा करावा इतकी सरळ आहे. गावाने आम्हाला गुलाम केलं, त्या म्हणतात. पण आम्हीही माणसंच होतो, आम्हालाही कोणावर तरी हुकूमत गाजवावीशी वाटत होती. ती गाजवायला बाहेर कोणी सापडेना, तेव्हा आम्ही घरातच गुलाम शोधला, आणि तो म्हणजे आमची सून. यात सासूचं समर्थन नाही, आणि तिला राक्षसीण ठरवून हात झटकणंही नाही. जातीच्या उतरंडीची शेवटची पायरी महारवाड्याच्या वेशीवर संपत नाही. ती चुलीपर्यंत येते आणि तिथे नऊ वर्षांची एक मुलगी उभी असते.

वर्षातला एक महिना मात्र वेगळा. पालखी ज्या आषाढात पंढरीच्या वाटेवर असते, त्याच आषाढाचं वर्णन बेबीताई महारवाड्यातून करतात. वर्षभर डोक्याला तेल नाही, अंगाला पुरेसं पाणी नाही अशा घरांत सारवण होई, न्हाणीधुणी होत, गोडधोडाचा वास येई. मरीआईचे दिवस. घरोघरच्या बायकांच्या अंगात येई. एरवी जिला कोणी विचारत नाही ती घुमू लागली की तिच्या कपाळी मळवट भरला जाई, घरची मोठी माणसं हात जोडून उभी राहत आणि ती मागेल ते पुढे ठेवत. बेबीताई आंबेडकरी विचारांच्या, देवदेवस्की नाकारलेल्या. तरीही या प्रसंगाची त्यांनी नुसती टिंगल केलेली नाही. त्या बायांना मान मिळण्याची दुसरी जागाच नव्हती, हे त्यांना दिसत होतं. अंधश्रद्धा म्हणून दोन ओळींत निकाल लावणाऱ्यांनी ही पानं पुन्हा वाचावीत.

आता दुकानाकडे वळू.

पुस्तकात दोन प्रसंग आहेत, आणि खरेदी-विक्री कशी चालते हे त्यांतून कळतं. पहिल्यात महारणी लाकडाच्या मोळ्या विकायला ब्राह्मण आळीत जातात. घरची काकू सोवळ्यात. ती लांबूनच बजावते की फाट्यांना तुमच्या लुगड्याचा धागा किंवा डोक्याचा केस अडकलेला नको, नीट पाहून रचा. मोळी विकणारी बाई एकेक फाटा निरखत रचून देते आणि मिळेल ते घेऊन परत फिरते. लाकूड चुलीत जळणार आहे, तरी त्याला चिकटलेला केस विटाळतो.

दुसरा प्रसंग दुकानापुढचा. महार बाई दुकानासमोर अंगणात अंतर राखून उभी आहे. दुकानदाराचं लहान पोर बाहेर खेळतंय, त्यालाही ती आदरानेच बोलते, आणि पदरात मावेल एवढीच मागणी करते. दुकानदार माल द्यायच्या आधी पोराला शिकवून घेतो: हिला शिवायचं नाही, लांब राहायचं. गिऱ्हाइकाकडून पैसे मिळवण्याच्या त्या मिनिटभरात एका मुलाला जातीचा पहिला धडाही दिला जातो. बेबीताईंनी हे टिपलं, कारण नंतर त्यांनी स्वतः गल्ल्यामागे बसून जग पाहिलं. गिऱ्हाइकाला कसं उभं करतात, त्याच्याशी कोणत्या आवाजात बोलतात, याकडे दुकानदाराची नजर असतेच.

महार बाई अंगणातून गल्ल्यावर कशी पोचली, याला कारणं आहेत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकर स्त्रियांशी बोलले: लुगडं नीट नेसा, जातीची खूण सांगणारे दागिने टाका, मेलेल्या जनावराचं मांस घरात शिजू देऊ नका. त्यानंतरच्या काळात जेजुरीला झालेल्या त्यांच्या सभेचं वर्णन ‘जिणं आमुचं’मध्ये आहे. खंडोबाच्या पायथ्याशी जमलेल्या माणसांना बाबासाहेब सांगतात की पोरांना शिकवा, देवाला काही घालून तुमचं भलं झालेलं नाही. सभेनंतर वस्तीत वाद पेटतो. म्हातारे म्हणतात, वाडवडिलांचा रिवाज कसा मोडायचा? तेव्हा काही बायाच पुढे होतात आणि म्हणतात की मढं ओढणं बंद करा, पोरं शाळेत घाला. थोरल्या बाईचा अधिकार या प्रसंगात पहिल्यांदाच सुनेऐवजी रिवाजावर चालतो.

शाळेत घातलेल्या त्या पोरांत बेबीताई होत्या. फलटणच्या मुलींच्या शाळेत महारवाड्यातल्या पोरी वेगळ्या कोपऱ्यात बसत. इतर मुली टोमणे मारत, बाबासाहेबांवरून चिडवत, आणि या पोरीही गप्प बसत नसत. त्यांच्याकडेही तोंड होतं, प्रसंगी हातही. चौथीनंतर लग्न. मग संसाराला पैसा हवा म्हणून धंद्याचा विचार. नोकरीच्या मागे धावण्यापेक्षा आपल्या माणसांनी व्यापारात उतरावं हे आंबेडकरांचं म्हणणं बेबीताईंनी मनावर घेतलं होतं. सुरुवात द्राक्षांपासून झाली, मग भाजीपाला, आणि हळूहळू किराणा. दुकान वस्तीतलंच आणि गिऱ्हाईकही वस्तीतलंच.

दुकान टिकलं, त्यामागे घरच्यांची मेहनत होती हे खरं. पण काळाचाही त्यात वाटा असावा. बलुत्याच्या व्यवस्थेत महाराला किराणा दुकानाची फारशी गरजच पडत नव्हती, कारण त्याच्या हाती नाणं येत नव्हतं. पाळीचा येसकर घुंगराची काठी वाजवत दारोदार शिळ्यापाक्या भाकरी गोळा करी, सुगीला पेंढ्या मिळत, मेलेलं जनावर वाट्याला येई. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं होतं. प्रत्यक्षात कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली. मधल्या तीस वर्षांत माणसं गावकीची कामं सोडत गेली, मजुरीला लागली, कोणी मुंबईची गिरणी गाठली, कोणी रेल्वे. भाकरीऐवजी पैसा आला आणि पैसा आला की तेल, मीठ, गूळ, चहापत्ती विकत घ्यावी लागते. अंतर राखून अंगणात उभं न राहता ती घेता येईल अशी जागा वस्तीला हवी होती.

वस्तीतल्या दुकानाचं गणित बाजारपेठेतल्या दुकानापेक्षा अवघड असतं. गिऱ्हाईक महिन्याचा किराणा भरत नाही; आज कमावलेल्या पैशात आजच्या पुरतं तेल, आजच्या पुरता गूळ. नफा पुड्यांमध्ये विखुरलेला, उधारी वहीत साठलेली, आणि ती वसूल करायला गेलं तर समोर आपलीच आत्या किंवा मावशी. त्यातच १९५७ साली आणे जाऊन नवे पैसे आले आणि मागोमाग शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम. चौथी शिकलेल्या बाईसाठी रोजची तोंडी परीक्षाच ती.

पुड्यांना रद्दी लागते. दुकानात आलेले जुने पेपर फाडून माल बांधण्याआधी बेबीताई ते वाचून काढत. पुढे वाचनालयातून पुस्तकं आणू लागल्या. वाचता वाचता कधीतरी लिहायला सुरुवात झाली. नवरा माल आणायला बाहेर गेला की गल्ल्यावर बसून लिहायचं आणि तो यायच्या आत वही लपवायची. कोपऱ्यात, जुन्या कागदांच्या खाली, कोणाचा हात सहसा जाणार नाही अशा जागी. हे थोडेथोडके दिवस नव्हे, वीसेक वर्षं चाललं. वही नवऱ्यापासून लपवायची होती तशीच मुलापासूनही.

हे शेवटचं वाक्य दोनदा वाचण्यासारखं आहे. दुकान जिच्या हातावर चालतं, जिने दहा बाळंतपणं काढली, वस्तीच्या सभांना जी जाते, जिला सगळे ताई म्हणतात, त्या बाईला आपल्याच घरात एका वहीसाठी जागा नाही. कुटुंबाची कर्ती बाई म्हणून आपण जिचा गौरव करतो, तिचं कर्तेपण नेमकं कुठवर असतं याचं याहून स्पष्ट मोजमाप सापडणं कठीण. धान्याचा डबा तिचा, उधारीची वही तिची. पण जिच्यात तिचे स्वतःचे विचार आहेत ती वही लपवावी लागते.

वही बाहेर आली त्याला फलटणचा योगायोग कारणीभूत झाला. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ. फलटणच्या मराठी बोलीवर पीएच.डी. केली, गावातच स्थायिक झाल्या, भारतीय नागरिकत्व घेतलं आणि पुढे दलित व गरीब मुलांच्या शिक्षणात आयुष्य घातलं. कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांचीच. माणसं कशी बोलतात हे ऐकत हिंडणाऱ्या या बाईंना बेबीताईंच्या लेखनाचा पत्ता लागला आणि ते छापलं पाहिजे असा आग्रह त्यांनी धरला. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आलं, १९८६ मध्ये पुस्तक झालं.

‘स्त्री’ हे किर्लोस्कर परिवाराचं, १९३० साली सुरू झालेलं मासिक. त्याची वाचकबाई बहुतांशी मध्यमवर्गीय, पुण्या-मुंबईची किंवा जिल्ह्याच्या गावची. म्हणजे फाट्यात अडकलेल्या केसाची गोष्ट छापून आली ती त्या काकूच्या लेकी-सुनांच्या हातात. त्यांच्यापैकी कितीजणींना त्यात आपली आजी दिसली असेल, कोण जाणे. दिसायला हरकत नव्हती, कारण बेबीताईंच्या भाषेत तक्रारीचा सूर नाही, तपशील आहे.

आणि तरी या पुस्तकात एक मोठी मोकळी जागा आहे. आत्मकथन म्हणून ते प्रसिद्ध आहे, पण त्यात बेबीताईंचा स्वतःचा संसार जवळजवळ नाही. सगळीकडे ‘आम्ही’ आणि ‘आमच्या बायका’. माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ साली आला. त्याला जोडलेल्या मुलाखतीत मात्र त्या बोलल्या. नवरा संशय घेई, मारी. एकदा मुंबईच्या प्रवासात डब्यातली तरुण पोरं आपल्याकडे बघतात म्हणून त्याने मारलं. हे सांगताना त्यांचा सूर असा की यात विशेष ते काय, बहुतेक बायांचं असंच होतं.

मग पुस्तकात का नाही? समाजाची बदनामी नको म्हणून, असं एक उत्तर दिलं जातं. ते पटण्यासारखं नाही. ज्या लेखिकेने खोडा लिहिला, कापलेली नाकं लिहिली, तिने समाजातल्या पुरुषांना पाठीशी घातलं असं म्हणताच येत नाही. दुसरं उत्तर असं की आत्मकथा म्हणजे एका जिवाची कहाणी हा समजच त्यांना मान्य नव्हता. लिहायचं ते सगळ्यांचं. यात तथ्य आहे. पण बारकाईने पाहिलं तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. छळाची सगळी वर्णनं वीरगावच्या जुन्या पिढीच्या खात्यावर आहेत, आजीच्या, आईच्या, शेजारणीच्या. आपल्या पिढीपाशी आल्यावर लेखणी चळवळीकडे वळते, शाळेकडे, सभांकडे. जिवंत माणसांच्या घरात राहून लिहिणाऱ्या बाईला एवढी वाट मोकळी होती. वही सापडलीच असती, तर निदान नवऱ्याला तीत आपलं नाव मिळालं नसतं.

शांताबाई कांबळे यांच्याशी तुलना केली की हे उघड होतं. त्या सोलापूर-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातल्या. १९२३ चा जन्म, जानेवारी २०२३ मध्ये मृत्यू, म्हणजे शंभरीला काही आठवडेच कमी. १९४२ पासून शिक्षिका. त्यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ही १९८६ चंच. शांताबाईंनी नवऱ्याने दुसरं लग्न केल्याचं आणि आपण घर सोडल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. त्यांच्या हाती महिन्याचा पगार होता आणि लेखन निवृत्तीनंतरचं. बेबीताईंचं दुकान नवऱ्याबरोबरच्या भागीतलं होतं आणि माल आणायला तोच जायचा. दोघींच्या धिटाईत उणंअधिक करण्यापेक्षा हा फरक पाहावा. पुढे २००३ साली उर्मिला पवारांचं ‘आयदान’ आलं तेव्हा संसारातला संघर्ष नाव घेऊन लिहिता येत होता. पण दरम्यान सतरा वर्षं गेली होती आणि लेखिका नोकरी करणारी, पदवीधर होती.

सासूबद्दल इतकं लिहिलेल्या बेबीताई स्वतः सासू म्हणून कशा होत्या, हा प्रश्न मनात येणं साहजिक आहे. तो त्यांच्या घरातल्या माणसांचा प्रश्न आहे. व्यासपीठावरून त्याची उठाठेव करू नये. घराबाहेर त्यांनी आपल्या वडीलकीचा काय उपयोग केला ते मात्र सगळ्यांसमोर आहे. फलटणजवळच्या निंभोरे गावी त्यांनी मागास समाजातल्या मुलांसाठी निवासी शाळा काढली आणि तिला सरकारी मान्यता मिळवली. निवासी शाळा चालवणं म्हणजे रोजच्या दोन वेळच्या जेवणापासून अनुदानाच्या कागदांपर्यंत सगळं पाहणं. अनुदान उशिरा येतं, मुलांची भूक वेळेवर. पुड्या बांधण्यात आणि उधारी सांभाळण्यात जन्म गेलेल्या बाईला हे काम परकं वाटलं नसावं.

या वडीलकीत गोडवा कमी होता. बेबीताईंचा सगळ्यात मोठा राग शिकलेल्यांवर होता. बाबासाहेबांमुळे शिकलात, नोकऱ्या मिळाल्या, शहरात घरं झाली, आणि मागे वस्तीत राहिलेल्यांकडे ढुंकून पाहत नाही, असं त्यांनी पुस्तकातही लिहिलं आणि नंतरही सांगत राहिल्या. स्वतःला महार म्हणवून घ्यायला लाजणाऱ्या तरुणांचा समाचार त्यांनी पुस्तकाच्या मनोगतातच घेतला आहे: लाज कसली, आपण कोणत्या अवस्थेतून आलो ते आधी माहीत करून घ्या. टाकून दिलेले देव शिकलेल्या घरांत मागच्या दाराने परत येतात याचीही त्यांना चीड होती. जेजुरीच्या सभेनंतर मढं ओढणं बंद करा म्हणणाऱ्या बायांचा तोच आवाज. फक्त आता तो आपल्याच साहेब झालेल्या पोरांवर चढत होता.

पुस्तक पुढे फ्रेंचमध्ये गेलं, ‘जीवन हमारा’ या नावाने हिंदीत गेलं, इंग्रजीतून विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात गेलं. जातिव्यवस्था आणि पितृसत्ता यांच्या संबंधावर निबंध लिहिणाऱ्या दूरदूरच्या विद्यार्थ्यांना आता भाकरी थापणाऱ्या नऊ वर्षांच्या सुनेचं पान नेमलेलं असतं. त्यांच्यासाठी तळटीप द्यावी लागते: येसकर म्हणजे कोण, मळवट म्हणजे काय, खोडा कसा असतो. फलटणच्या वस्तीतल्या शाळकरी नातवंडांनाही यातले काही शब्द आता विचारावे लागतात, आणि बेबीताईंनी ते लिहून ठेवले ते मुळात त्यांच्यासाठीच.